कॉर्ड अ‍ॅनालिसिसचं अ‍ॅप, सहा महिन्यांनंतर: एका बी फ्लॅट सेव्हनने डोकं फिरवलं

नाव घेत नाही. गाण्याचे कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर) टाका, प्रत्येक कॉर्ड कितवा ते रोमन आकड्यात येतं, खाली त्यावर वाजवायचं स्केल, म्हणजे सुरांची माळ, येतं, तेच अ‍ॅप. परवा न विचारता वर्गणी परत कापली गेली म्हणून लिहायला बसलोय.

गाणं सी मेजरमध्ये. एफ मायनर सेव्हन, बी फ्लॅट सेव्हन आणि मग थेट सी मेजर सेव्हन. साधं बॅकडोअर आहे हो, नेहमीच्या जी सेव्हनऐवजी बी फ्लॅट सेव्हनवरून मागच्या दाराने सीला घरी येणं! अ‍ॅप म्हणतं हा ई फ्लॅटचा टू-फाइव्ह, म्हणजे ई फ्लॅटला नेणारी दुसऱ्या-पाचव्या कॉर्डची जोडी. अरे पण ई फ्लॅट येतोय कुठे? वर स्केल देतं बी फ्लॅट मिक्सोलिडियन (अशा सेव्हन कॉर्डचं नेहमीचं स्केल), त्यातला ई फ्लॅट मी धरून बसायचो, तो खाली कॉर्डमध्ये वाजणाऱ्या डीशी घासायचा आणि मला वाटायचं माझाच हात वाईट. लिडियन डॉमिनंट, म्हणजे तेच स्केल पण ई फ्लॅटच्या जागी साधा ई, घेतलं की ई नॅचरल आधीच हातात, तोच पुढे सीचा थर्ड (तिसरा सूर), फ्रेज अलगद उतरते.

गंमत म्हणजे जॅझ सॅक्सोफोनवादक कोल्ट्रेनच्या 'जायंट स्टेप्स'मध्ये हेच अ‍ॅप एकदम हुशार, कारण तिथे बी फ्लॅट सेव्हन खरंच ई फ्लॅटला जातो. आणि ब्लूज टाकला तर पहिल्याच सी सेव्हनला 'एफचा फाइव्ह' म्हणून मोकळं. ब्लूजमध्ये वन, म्हणजे घरचा पहिला कॉर्ड, पण डॉमिनंट सेव्हनच (एरवी पुढच्या कॉर्डकडे ओढणारा प्रकार) असतो, त्याला कुठे जायची घाई नसते, हे याला कोण सांगणार.

सपोर्टला तीन मेल केले. उत्तर काय, तर अ‍ॅप अपडेट करून बघा. थिअरी अपडेटने सुधारते का? चौथ्या मेलला तिकीटच बंद.

एकच स्टार देणार होतो, पण गाइड टोनचं बटण आठवलं आणि हात थांबला. ते दाबलं की स्केल गायब, फक्त प्रत्येक कॉर्डचा थर्ड आणि सेव्हन्थ, म्हणजे तिसरा आणि सातवा सूर. डी मायनर सेव्हनवरून जी सेव्हनला जाताना एफ जागेवर, सी अर्धा सूर खाली बीवर. मग सी मेजर सेव्हनला बी जागेवर, एफ खाली ईवर. महिनाभर नुसतं एवढंच वाजवलं, सोबतीला कोणी नसतानाही कॉर्ड बदललेले ऐकू यायला लागले. जी सेव्हनच्या जागी डी फ्लॅट सेव्हन का चालतो तेही इथेच कळलं, तेच एफ आणि बी, फक्त थर्ड-सेव्हन्थची अदलाबदल. आधी प्रत्येक कॉर्डला नवं स्केल पकडायला धावत होतो, ते बंद झालं.

म्हणून तीन स्टार केले होते. आज वर्गणी रद्द केली तर गाइड टोनचं बटण तसंच चालू. म्हणजे ते फुकटच होतं, सहा महिने पैसे मोजले ते त्या स्केलच्या सल्ल्याचे. दोन स्टार.