‘हाऊ टू बिल्ड अ स्टार्टअप’ : वर्गात वापरून पाहिलेल्या अभ्यासक्रमाचे परीक्षण

पदवीच्या विद्यार्थ्यांना उद्योजकता शिकवायची म्हणजे प्रकल्प अहवाल लिहून घ्यायचा, त्यात पाच वर्षांचे नफ्याचे आकडे भरायला लावायचे आणि शेवटी सादरीकरणाला गुण द्यायचे, ही पद्धत आपल्या महाविद्यालयांत इतकी मुरली आहे की त्या आकड्यांना आधार कशाचा, हे सहसा कोणी विचारत नाही. स्टीव्ह ब्लँक यांचा युडॅसिटी या ऑनलाइन शिक्षणाच्या संकेतस्थळावरील ‘हाऊ टू बिल्ड अ स्टार्टअप’ हा मोफत अभ्यासक्रम नेमका हाच प्रश्न विचारतो. म्हणूनच मी तो तृतीय वर्षाच्या वर्गात वापरला.

सिलिकॉन व्हॅलीत अनेक कंपन्या उभारल्यानंतर ब्लँक शिकवण्याकडे वळले. 2011 साली स्टॅनफर्ड विद्यापीठात त्यांनी ‘लीन लाँचपॅड’ हा वर्ग सुरू केला आणि त्यावर आधारलेला हा ऑनलाइन अभ्यासक्रम 2012 मध्ये आला. त्यांच्या मते स्टार्टअप ही मोठ्या कंपनीची छोटी आवृत्ती नसते. वारंवार चालेल आणि वाढवता येईल असे व्यवसायाचे प्रारूप शोधण्यासाठी उभारलेली ती तात्पुरती संस्था असते. अलेक्झांडर ऑस्टरवाल्डर यांच्या ‘बिझनेस मॉडेल कॅनव्हास’मधील नऊ चौकटींत विद्यार्थ्याने आपली गृहीतके मांडायची आणि मग बाहेर पडून, प्रत्यक्ष ग्राहकांशी बोलून ती एकेक करून तपासायची, असा सगळा क्रम आहे. चित्रफिती छोट्या आहेत, मध्ये प्रश्न येतात आणि मांडणी स्वच्छ आहे.

ही पद्धत काय करू शकते, याचे उत्तम उदाहरण स्टॅनफर्डच्या त्या पहिल्याच वर्गात सापडते. एका गटाला गवत कापणारे स्वयंचलित यंत्र बनवायचे होते. ग्राहकांशी बोलता बोलता तो गट शेतकऱ्यांपर्यंत पोहोचला आणि तण काढण्याचा खर्च ही खरी अडचण आहे, हे त्यांना उमगले. त्यातून उभी राहिलेली ‘ब्लू रिव्हर टेक्नॉलॉजी’ ही कंपनी शेतीची यंत्रे बनवणाऱ्या जॉन डिअरने 2017 साली 30.5 कोटी डॉलरला विकत घेतली.

आमच्याकडच्या एका गटाने डाळिंब बागायतदारांना फवारणीची आठवण करून देणारे अ‍ॅप योजले होते. पहिल्या भेटींनंतर त्यांनी उत्साहाने नोंदवले की सर्वांना कल्पना आवडली. प्रश्न वाचले तेव्हा कारण कळले : ‘असे अ‍ॅप असेल तर वापराल का?’ असे विचारल्यावर घरी आलेल्या मुलांना नाही कोण म्हणेल? मग प्रश्न बदलून घेतला. गेल्या बहारात फवारणी कधी चुकली आणि का, एवढेच विचारायचे ठरले. एका बागायतदाराने भिंतीवरचे कालनिर्णय काढून दाखवले. प्रत्येक फवारणीची तारीख आणि औषधाचे नाव त्यावर पेनने लिहिलेले होते. तारखा त्यांना तोंडपाठ होत्या. चूक झाली होती ती ऐन गरजेच्या दिवशी भाड्याचा ब्लोअर, म्हणजे फवारणीचे यंत्र, न मिळाल्यामुळे, आणि तेवढ्यात पाऊस येऊन डाळिंबावरील तेल्या रोगाला वाट मिळाली होती. त्या संध्याकाळी मुलांनी कॅनव्हासवरची ‘ग्राहकाला मिळणारा लाभ’ ही चौकट पुसून नव्याने भरली आणि अ‍ॅपऐवजी गावातील ब्लोअरच्या वेळापत्रकावर काम सुरू केले. प्रश्न कसे विचारावेत, यासाठी मात्र मला स्वतंत्र तासिका घ्याव्या लागल्या, कारण अभ्यासक्रमातील तेवढा भाग अपुरा वाटतो.

याहून मोठी उणीव अशी की स्टॅनफर्डच्या वर्गातील खरा कस चित्रफितीत उतरत नाही. तिथे प्रत्येक गटाने दर आठवड्याला 10 ते 15 जणांना भेटावे अशी अपेक्षा असते, आणि आलेला गट शिक्षकांसमोर उभा राहून काय कळले ते सांगतो, तिथल्या तिथे त्याची उलटतपासणी होते. घरी बसून चित्रफिती पाहणाऱ्याला ही जबरदस्ती नाही. तो बाहेर न पडताच अभ्यासक्रम पूर्ण करू शकतो. बाहेर पाठवण्याचे आणि उलटतपासणीचे हे काम शिक्षकालाच करावे लागते.

उदाहरणे सगळी अमेरिकेतील आहेत. विक्रीच्या मार्गांवरील भाग ऐकताना आमच्या विद्यार्थ्यांना बाजार समितीतील आडत, कृषी सेवा केंद्राची उधारी, हंगाम संपल्यावर होणारी वसुली यांचे काय, हा प्रश्न पडला, आणि तो रास्तच होता. इंग्रजीचा वेगही मराठी माध्यमातून आलेल्यांना जड जातो. उपशीर्षके लावून आणि चित्रफीत मध्ये थांबवून मराठीत चर्चा केली की अडचण बरीच कमी होते.

एकट्या विद्यार्थ्याला मी हा अभ्यासक्रम सुचवणार नाही. ज्या शिक्षकाला वर्गाचे निम्मे तास बाहेरच्या ग्राहकभेटींना देता येतील आणि अहवालाच्या जाडीऐवजी बदललेल्या गृहीतकांना गुण देण्याची मुभा मिळेल, त्याने तो जरूर घ्यावा. सुरुवात ग्राहकगट आणि ग्राहकाला मिळणारा लाभ या दोन भागांपासून करावी. पैशाचे गणित मांडणारा भाग पहिल्या मुलाखतींच्या नोंदी हातात आल्यावरच दाखवावा.