‘दंड भरला की पोरगा घरी’ म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका

मुंबई विमानतळावर इमिग्रेशनने मुलाचा व्हिसा बनावट ठरवून त्याला सहार पोलिसांच्या ताब्यात दिलं. दुसऱ्याच दिवशी रावेर तालुक्यातल्या त्याच्या घरी एक माणूस हजर. व्हिसा आणून देणाऱ्या एजंटचाच तो नातेवाईक. “काका, वकील आपलाच आहे. गुन्हा कबूल करायचा, दंड भरायचा, आठ दिवसांत पोरगा घरी.” केळीचे आलेले पैसे रोखीने गेले, पावती नाही.

दंडावर सुटका ही शुद्ध थाप. १ सप्टेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या इमिग्रेशन कायद्यात बनावट पासपोर्ट किंवा व्हिसा जाणूनबुजून वापरण्याला किमान २ आणि कमाल ७ वर्षं कैद आहे, शिवाय १ ते १० लाख दंड. म्हणजे कबुली दिली की कैद आलीच.

मुळात कागद खोटा आहे हे मुलाला माहीत होतं, हे सरकारी पक्षाला सिद्ध करावं लागतं. बचाव उभा राहतो तो इथेच: मुलगा स्वतः फसला होता. पण एजंटने दिलेला वकील कोर्टात एजंटकडे बोट कसं दाखवेल? त्यातून त्या माणसाने घरच्या मोबाइलमधले एजंटचे चॅट “पोलिसांना सापडतील” म्हणून पुसून घेतले. मुलाला वाचवणारा पुरावा तोच होता, आणि तो घरच्यांच्या हातूनच गेला. चॅट, यूपीआयच्या नोंदी, बँकेचं स्टेटमेंट, व्हिसाचे फोटो यातलं काहीही पुसू नका, आणि तो मोबाइल विकू किंवा फॉरमॅट करू नका.

वकील मुलाचा हवा, वकालतनाम्यावर सही मुलाची हवी. आधीच एजंटच्या वकिलाला सही दिली असेल तर त्याची ना-हरकत घेऊन वकील बदलता येतो. पैसे नसतील तर १५१०० वर फोन करा किंवा जळगाव, धुळे, नंदुरबारच्या जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणात जा. कोठडीतल्या माणसाला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. केसचा सीएनआर नंबर (अक्षरं आणि आकडे मिळून सोळा, प्रत्येक केसचा वेगळा) मागून घ्या, पुढची तारीख कोर्टांच्या ई-कोर्ट्स वेबसाइटवर स्वतः पाहता येते.

जामिनाची रक्कम कोर्टात भरतात आणि तिची पावती मिळते. मध्यस्थाच्या हातात ती कधीच द्यायची नसते. जामीनदाराचा सातबारा आणि ऐपतीचा दाखला तहसीलमधून आणून मुंबईला नेण्यात दिवस जातात, म्हणून तोवर तात्पुरता रोख जामीन मागायला वकिलाला सांगा. कलमांप्रमाणे ६० किंवा ९० दिवसांत आरोपपत्र आलं नाही तर जामीन हक्काने मिळतो, पण त्यासाठी आरोपपत्र येण्याआधी अर्ज करावा लागतो. सेटिंगवाला हे सांगत नाही.

परदेशी नोकरीला पाठवणाऱ्या एजंटचं नाव ई-मायग्रेट या सरकारी पोर्टलवर नोंदलेलं आहे का पाहा. नोंदणीकृत एजंटलाही सेवाशुल्क ३०,००० रुपये आणि जीएसटी एवढंच घेता येतं, तेही पावती देऊन. एजंटविरुद्ध आपल्या पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्या, पोच घ्या, आणि ती मुलाच्या वकिलाकडे पाठवून जामीनअर्जाला जोडायला सांगा.