चेनला धार लावायची टू-इन-वन कानस, वर्षभर वापरून

माझा चेनसॉ ५० सीसीचा, १८ इंची बार (ज्याच्याभोवती चेन फिरते ती पट्टी). गेल्या वर्षी मी ठरवूनच टाकलं होतं की याच्यात आता दम राहिला नाही, एकतर मोठा सॉ घ्यायचा नाहीतर याचा मफलर (सायलेन्सर) मोकळा करून बघायचा. प्लग नवा टाकला, एअर फिल्टर साफ केला, पेट्रोल-ऑइल ताजं बनवलं (५०:१, म्हणजे लिटरला २० मिली), तरी सॉ ओंडक्यात आपणहून उतरतच नव्हता, वरून रेटावं लागायचं आणि खाली पडणारा भुसा एकदम पिठासारखा. आता पीठ पडतंय म्हणजे धार गेली हे कुणीही सांगेल, पण धार तर मी नेमाने लावत होतो, साध्या गोल कानशीनं, दाताला बोट लावायची भीती वाटावी इतकी.

घोळ रेकरचा होता.

चेनच्या प्रत्येक दाताच्या पुढे एक छोटा उंचवटा असतो, त्याला रेकर म्हणतात, काही जण डेप्थ गेज म्हणतात. दात लाकडात किती खोल घुसणार हे तो ठरवतो. बहुतेक चेनला तो दाताच्या टोकापेक्षा ०.६५ मिमी खाली हवा. दाताची वरची बाजू मागे उतरती असते, त्यामुळे कानस मारत मारत दात मागे सरकला की तो खालीही येतो, आणि रेकर मात्र होता तिथेच. रेकर न उतरवता धार लावत राहिलं की फरक कमी कमी होत जातो आणि मग दात कितीही तीक्ष्ण असू दे, लाकडावर नुसता घासत जातो. मग आपण दाबतो, दाबलं की बार तापतो, त्याच्या कडा झिजतात, क्लचवर ताण येतो आणि नाव बदनाम होतं इंजिनचं.

टू-इन-वनमध्ये हेच दुखणं धरलंय. दोन्ही टोकांना मुठी असलेली एक चौकट, तिच्यात दोन गोल कानशी आणि एक चपटी. गोल कानस दाताला धार लावते आणि त्याच हातासरशी चपटी रेकर उतरवते. वर ३० अंशाच्या रेघा आहेत, त्या चेनला समांतर ठेवल्या की कोन आपोआप जमतो. हा प्रकार स्टिलच्या नावानं मिळतो, फर्डच्याही, काम करायची पद्धत तीच.

पहिल्या दिवशीचं सांगतो. बार शिकंजात आवळला, चेन थोडी ताणून घेतली, हातमोजे घातले आणि पहिल्या दातावर कानस ढकलली तर आवाज येतोय फक्त रेकरवरून, कर्रर्र कर्रर्र, दाताला कानस धड टेकतच नव्हती, इतके माझे रेकर वर राहिले होते. सात-आठ हात मारल्यावर रेकरचं डोकं चकचकीत झालं आणि मग कुठे गोल कानस दातात बसली. ७२ ड्राइव्ह लिंकची (बारच्या खाचेत चालणाऱ्या कड्यांची) चेन, ३६ दात, अठरा डावे अठरा उजवे, त्या दिवशी पाऊण तास गेला. त्यानंतर तोच सॉ तोच ओंडका, बार नुसता टेकवला आणि तो स्वतःच्या वजनानं खाली गेला, पीठ नाही, नखाएवढ्या चकत्या उडत होत्या. मफलरचा विचार मी तिथेच सोडला. आणि मफलर ज्यांना खरंच मोकळा करायचाय त्यांनी एवढं लक्षात घ्या की बाहेरची वाट मोठी केली की मिश्रण पातळ होतं म्हणजे हवेच्या मानानं पेट्रोल कमी पडतं, कार्बोरेटरचा एच स्क्रू (जास्त वेगाला पेट्रोल किती जायचं ते ठरवणारा) परत सेट केला नाही तर पिस्टन जळतो. बोथट चेनवर तो उपाय नाहीच.

आता रोजचं काम दहा मिनिटांचं झालंय. टाकी भरायला थांबलो की प्रत्येक दाताला दोन-तीन हात, कानस पुढे ढकलायची, मागे घेताना उचलायची. एका बाजूचे सगळे दात झाले की चौकट पलटून दुसरी बाजू. हात मात्र मोजून मारा, कारण आपला एक हात नेहमी जास्त जोरात चालतो, मग एका बाजूचे दात आखूड होतात आणि कट सरळ न जाता एका अंगाला वळत जातो. हे कुठलीही चौकट सांभाळत नाही, ते आपणच बघायचं.

जे जमत नाही तेही सांगायला हवं. रेकरची खोली यात ठरलेली आहे, कमी-जास्त करता येत नाही, त्यामुळे वाळलेलं कठीण लाकूड कापणाऱ्याला रेकर थोडे वर ठेवायचे असतील तर त्यानं सुटी चपटी कानस आणि रेकर मापायचा गेजच वापरावा. रेकर आधीच कुणी जास्त खाली घासून ठेवले असतील तर ही कानस त्यांना वर थोडीच आणणार, तिथे चेन धक्के खाते आणि किकबॅकचा (सॉ उसळून अंगावर येण्याचा) धोका वाढतो, अशा चेनचे दात आधी मागे आणावे लागतात. खिळ्यावर बसून टवके उडालेल्या दातांना पण ही नको, खूप वेळ खाते.

साइज बघूनच घ्या, इथे बरेच जण चुकतात. पिच म्हणजे लागोपाठच्या तीन रिव्हेटमधलं अंतर, त्याचं निम्मं. ०.३२५ इंच पिचला ४.८ मिमी जाडीची गोल कानस लागते, ३/८ लो-प्रोफाइलला (ठेंगण्या दातांच्या चेनला) ४ मिमी, मोठ्या ३/८ ला ५.२ किंवा ५.५. प्रत्येक मापाची चौकट वेगळी येते, एकात दुसरी कानस घालून भागत नाही, कारण मग गोल कानस दातात हवी त्या उंचीवर बसतच नाही. वेगवेगळ्या पिचचे दोन सॉ असतील तर दोन घ्याव्या लागतील, हा याचा खरा तोटा.

धार कधी लावायची यासाठी दाताची कड उजेडात धरून बघा. टोकावर पांढरी चमकती रेघ दिसली म्हणजे तिथे धार नाही, ती रेघ जाईपर्यंत हात मारा, त्याच्या पुढे एकही नको, नाहीतर चेन उगाच लवकर संपते. दात ४ मिमीच्या आसपास उरला की मी चेन टाकून देतो. तोपर्यंत दर वेळी बार पलटून बसवतो आणि खाचेतला भुसा खरवडून काढतो.

गोल कानशी झिजतात, हाताला गुळगुळीत लागल्या की त्या धार न लावता दात नुसता पॉलिश करतात. मी आत्तापर्यंत दोन जोड्या बदलल्या, चपटी अजून पहिलीच चालू आहे.