इन्स्टाचं ‘पेड पार्टनरशिप’ लेबल: मराठी क्रिएटरच्या नजरेतून रिव्ह्यू

मी सांगलीत राहते, स्वयंपाकाचे रील्स आणि युट्यूबवर मोठे व्हिडिओ करते, सगळं मराठीत. मसाले, तेल, मिक्सर, कढया असल्या ब्रँडचे पैसे घेऊन केलेले व्हिडिओ पण त्यात असतात आणि नवीन मुली डीएममध्ये सारख्या विचारतात की ताई ते इन्स्टाचं पेड पार्टनरशिप, म्हणजे ब्रँडकडून पैसे घेऊन केलंय हे सांगणारं लेबल, लावायचं का, लावलं की रीच पडतो, रील कमी लोकांपर्यंत जातं म्हणतात, खरंय का. म्हणून एकदाच सविस्तर लिहिते.

लावायला एकदम सोपंय. रील टाकायच्या आधी सेटिंगमध्ये पेड पार्टनरशिप लेबलचा ऑप्शन असतो तो चालू करायचा, ब्रँडचं अकाउंट शोधून टॅग करायचं, झालं. आपल्या नावाजवळ बारीक अक्षरात लेबल येतं. काही ब्रँडनी टॅगला आधी अप्रूव्हल लागेल असं ठेवलेलं असतं, त्यामुळे रील लाइव्ह जायच्या आदल्या दिवशीच त्यांच्या माणसाला सांगून ठेवा, नाहीतर ऐनवेळी फोन लावत बसावं लागतं. एकदा टॅग झालं की रीचचे आकडे ब्रँडला त्यांच्याकडेच दिसतात, स्क्रीनशॉट पाठवा परत पाठवा ही कटकट बरीच कमी होते, हे मला फार आवडलं.

आता रीच. लेबलमुळे रीच पडला असं मला तरी कधी दिसलं नाही. पडतो कधी, तर ब्रँडने पाठवलेली स्क्रिप्ट जशीच्या तशी म्हटली की. पहिल्याच वाक्याला डबा हातात घेऊन लोगो कॅमेऱ्यासमोर धरला की माणूस पुढं जाणारच ना, त्यात लेबलचा काय दोष. भरल्या वांग्याचं रील असेल तर आधी वांगी दिसू देत, मसाल्याचं पाकीट त्याच्या वेळेला येतंच. आणि जो ब्रँड म्हणतो की लेबल नको, नॅचरल वाटू दे, त्याला मी सरळ नाही म्हणते. कारण पैसे घेतल्याचं लपवलं तर दंडाची तरतूद आहे, १० लाखांपर्यंत, परत केलं तर ५० लाखांपर्यंत, आणि जाहिराती करायला बंदी पण येऊ शकते, ती वेगळीच.

पण माझी खरी तक्रार लेबलच्या भाषेची आहे. माझे व्हिडिओ बघणाऱ्या काकू, मावशी, आज्जी, त्यांचं ॲप इंग्रजीत, लेबल इंग्रजीत, ते पण एवढंसं. त्यांना ते दिसत नाही आणि दिसलं तरी पैसे घेतलेत एवढा अर्थ त्यातून लागत नाही. कमेंटमध्ये विचारतात की ताई हे तेल तुम्ही घरी खरंच वापरता का, आणि माझ्या शब्दावर विश्वास ठेवून पाच लिटरचा डबा आणतात. या बाईला फसवून मला पैसे नको आहेत.

नियम पण हेच म्हणतात, फक्त कोणी वाचत नाही. ॲस्की म्हणजे जाहिरातींवर लक्ष ठेवणारी संस्था, तिच्या इन्फ्लुएन्सरसाठीच्या गाईडलाइन्स १४ जून २०२१ पासून लागू आहेत, त्यात स्पष्ट आहे की प्लॅटफॉर्मचं लेबल हे आपण स्वतः सांगण्याच्या जोडीला धरायचं, त्याच्या जागी नाही. मग जानेवारी २०२३ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने ज्या गाईडलाइन्स काढल्या त्यात तर व्हिडिओमध्ये आवाजात आणि स्क्रीनवर दोन्हीकडे सांगा, नुसतं डिस्क्रिप्शनमध्ये नको, आणि ज्या भाषेत जाहिरात त्याच भाषेत सांगा असं आहे. म्हणजे मराठी व्हिडिओ तर सांगायचं पण मराठीत!! मी सुरुवातीलाच बोलते, “ही जाहिरात आहे, मला याचे पैसे मिळालेत”, आणि स्क्रीनवर मोठ्या अक्षरात ‘जाहिरात’. किती वेळ ठेवायचं ते पण ॲस्कीने दिलंय, १५ सेकंदांपर्यंतच्या व्हिडिओला निदान ३ सेकंद, त्याहून मोठा पण २ मिनिटांच्या आतला असेल तर एकूण वेळेच्या एक तृतीयांश, आणि त्याच्यावर गेला तर ब्रँडबद्दल बोलतोय तो पूर्ण भाग. नुसता फुकट मिक्सर आला आणि पैसे नाही मिळाले तरी सांगावं लागतंच. (आणि तो मिक्सर ठेवून घेतला तर एका ब्रँडकडून वर्षभरात आलेल्या वस्तूंची किंमत २० हजारांच्या वर गेली की १० टक्के टीडीएसचा विषय येतो, २०२२ पासून, तेवढं सीएला विचारा.)

लेबलच्या सोबतच ब्रँडला रील बूस्ट करायची परवानगी द्यायचं बटण असतं, त्याकडे नीट बघा. ते चालू केलं की ब्रँड तुमचं रील तुमच्या नावानिशी जाहिरात म्हणून पैसे लावून चालवू शकतो. माझ्या एका मैत्रिणीचं दिवाळीच्या फराळाचं रील एका कंपनीने उन्हाळ्यापर्यंत चालवलं, पैसे मात्र एका रीलचेच, कारण करारात मुदतच लिहिली नव्हती. किती दिवस चालवणार, कुठं चालवणार, त्याचे वेगळे किती देणार, हे मेलवर लेखी आल्याशिवाय मी ते बटण दाबत नाही. माझ्या मते त्या बटणासोबतच तारीख टाकणं सक्तीचं पाहिजे.

गाण्यांचं पण बघून घ्या, ट्रेंडिंगचं सिनेमातलं गाणं लावलं की रील बूस्ट होत नाही. मी फोडणीचा आवाज आणि माझं बोलणं एवढंच ठेवते, स्वयंपाकाला तेच छान वाटतं.

युट्यूबचं सोपं आहे, अपलोड करताना पेड प्रमोशनच्या चौकोनात टिक करायची, व्हिडिओच्या सुरुवातीला १० सेकंद मेसेज दिसतो. भाषेचा प्रॉब्लेम तिथं पण तोच. एक गोष्ट मात्र भारी आहे, टिक केली की आपल्या ब्रँडशी टक्कर होणारी जाहिरात त्या व्हिडिओवर आली तर युट्यूब ती बदलून दुसरी लावू शकतं. आपण एका मसाल्याबद्दल बोलतोय आणि मधेच दुसऱ्याची जाहिरात, हे ब्रँडला अजिबात चालत नाही, त्यामुळे बोलणी करताना हे जरूर सांगा.

इन्स्टाच्या लेबलला माझे पाचपैकी साडेतीन, दीड मार्क भाषेचा आणि त्या बूस्टच्या बटणाचा गेला. युट्यूबला चार. आणि जुन्या रील्सना लेबल राहिलं असेल तर एडिटमध्ये जाऊन आत्ता पण लावता येतं, डिलीट करून परत टाकायची गरज नाही.