बोटीवरचे हवेचे भोंगे नुसते चिकटवलेले होते: जुनी मोटारबोट घेणाऱ्यांनी हे वाचाच

पंचगंगा फुगली की पाणी आधी आमच्या कोल्हापूरजवळच्या चिखली-आंबेवाडीच्या बाजूला शिरतं. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा आणि ४३ फुटांना धोका. २०१९ आणि २०२१ ला नदी या दोन्ही खुणांच्या कितीतरी वर गेली. म्हणून गावानं वर्गणी काढून स्वतःची बोट घेतली. जुनी, फायबरची, मागे आउटबोर्ड इंजिन. विकणारा बाहेरच्या जिल्ह्यातला. प्रकरण चालू असल्यानं त्याचं नाव लिहीत नाही, पण त्यानं काय केलं ते सगळं लिहितो.

या बोटीत पेट्रोलची टाकी सुटी नाही. मागच्या बाकाखालच्या बंद कप्प्यात ती पक्की बसवलेली आहे, आणि त्याच कप्प्यात बॅटरी आणि तळातलं पाणी उपसायचा पंपही आहे. अशा कप्प्यात हवा खेळती लागते, हे आम्ही व्यवहाराच्या वेळीच बोललो होतो. "मरीन व्हेंटिलेशन किट बसवून देतो," असं म्हणून त्यानं त्याचे वेगळे पैसे लावले आणि बिलातही तसं लिहिलं. बोट आली तेव्हा डेकवर कप्प्यातली हवा आत-बाहेर जाण्यासाठीचे स्टीलचे दोन चकचकीत भोंगे होते. इंजिनाच्या किल्लीशेजारी 'ब्लोअर' (आतली हवा बाहेर फेकणारा पंखा) लिहिलेलं बटण होतं, आणि ते दाबलं की घुंईऽ असा आवाजही यायचा.

पेट्रोल भरण्याआधी आम्ही शिवाजी उद्यमनगरातल्या एका जुन्या फिटरला बोलावलं. सगळे त्यांना मामाच म्हणतात. मामांनी वर्तमानपत्राची बारीक पट्टी फाडली, ब्लोअर चालू करायला लावला आणि पट्टी मागच्या भोंग्यासमोर धरली. पट्टी हलली नाही. मग त्यांनी पुढच्या भोंग्यात बोट घातलं, तर ते दुसऱ्या पेरापाशी अडलं. आत फायबर होतं! डेकला भोक पाडलेलंच नव्हतं. सीलंट लावून चार स्क्रूंनी भोंगा वरच्यावर बसवला होता.

कप्प्याचं झाकण काढल्यावर बाकीचं दिसलं. मागच्या भोंग्याला भोक होतं, पण त्याची नळी झाकणाखाली वीतभर लोंबत होती आणि तिथंच संपत होती. ब्लोअर त्या नळीला जोडलेलाच नव्हता. एका फळीला ठोकलेला तो पंखा आतली हवा आतच ढवळत होता. त्यावर 'मरीन'चं स्टिकर होतं. मामांनी नखानं ते सोललं, तर खाली मोटारगाडीच्या सुट्या भागाचा छाप. टाकीची वाफ जिथून बाहेर जायची ती नळीसुद्धा बोटीबाहेर काढलेली नव्हती. साधी प्लॅस्टिकची नळी, तोंड कप्प्यातच उघडं.

"ह्यात पेट्रोल घालायचं न्हाई," मामा म्हणाले. "घातलासा तर मी किल्ली फिरवू देणार न्हाई."

हे का, ते नीट समजून घ्या. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड असते. गळका गॅस स्वयंपाकघरात जसा जमिनीलगत साचतो, तशी ही वाफ बोटीच्या तळात उतरते आणि तिथंच बसते. वर कितीही वारा असला तरी ती आपणहून निघत नाही. हवेत तिचं प्रमाण साधारण दीड ते साडेसात टक्क्यांच्या दरम्यान गेलं की एक ठिणगी पुरते. गाडीच्या साध्या पंख्याच्या मोटारीत ब्रश घासून ठिणग्या उडतच असतात, गाडीत त्यानं बिघडत नाही. बोटीचा ब्लोअर त्यासाठीच वेगळा बांधलेला असतो. त्यातून बाहेरच्या वाफेला आग लागू नये याचं आयएसओ ८८४६ हे मानक आहे. म्हणजे जी वस्तू वाफ काढायला बसवली म्हणून पैसे घेतले, तीच वाफेत ठिणगी टाकणारी होती. पुराच्या पावसात झाकणं घट्ट लावून या बोटीत बायाबापड्या, पोरं, म्हातारी माणसं बसणार होती. त्या माणसालाही हे माहीत होतं, आम्हीच त्याला सांगितलं होतं. पैशाचं दुःख आहेच, पण याचा संताप जास्त आहे.

फोन केला तर म्हणाला, "पाण्यावर वारा लागतोच की, एवढं कोण बघतं?" नंतर त्यानं फोन उचलणं बंद केलं.

तेव्हा बोट ताब्यात घेताना चकाकीवर जाऊ नका, झाकण उघडायला लावा. एका नळीनं बाहेरची हवा आत यायला हवी. दुसरी, उपसणारी नळी कप्प्याच्या खालच्या तिसऱ्या भागापर्यंत उतरलेली हवी, मात्र तळात नेहमी साचणाऱ्या पाण्याच्या वर, नाहीतर तिचं तोंड बुडून ती बंद पडते. ब्लोअर याच नळीवर असावा आणि त्यानं हवा बाहेर फेकावी. कागदाच्या पट्टीनं ते लगेच कळतं. उदबत्तीच्या धुरानं बघायचा मोह कुणी करू नका, पेट्रोलजवळ विस्तव नकोच. टाकीच्या वाफेची नळी बोटीबाहेर उघडते का ते डोळ्यांनी बघा. पेट्रोल भरताना बोटीतली सगळी बटणं बंद ठेवा. भरून झालं की झाकण उघडून तळाशी वास घ्या, वास असेल तर तो जाईपर्यंत कशालाही हात लावू नका. कप्पा बंद असेल तर किल्ली फिरवण्याआधी ब्लोअर निदान चार मिनिटं चालू द्या. बिलावर ब्लोअरची कंपनी, मॉडेल आणि मानक लिहून घ्या. आमच्या बिलावर नुसतं 'किट' लिहिलंय, आणि त्याच शब्दाआड तो आता लपतोय.

आम्ही स्टिकर सोलतानाचे आणि भोंग्याखालच्या अखंड फायबरचे फोटो काढून ठेवलेत. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. पुढं जिल्हा ग्राहक आयोगात जाणार आहोत. २०१९ च्या कायद्यानं तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यातही तक्रार करता येते, त्यामुळं विकणारा लांबचा असला तरी ती कोल्हापुरातच दाखल होईल. मुदत दोन वर्षांची आहे. त्याच माणसाकडून आणखी गावांनी बोटी घेतल्याचं कानावर आलंय. त्यांनी पावसाची वाट न बघता आधी भोंग्यात बोट घालून बघावं, आणि आमच्यासारखंच निघालं तर आमच्याशी बोलावं. तक्रार एकत्र करू.