महापे ते मुंबई लिंक : १+१ घ्यावी, रिंग घ्यावी की रिस्टोरेशनवर भागवावं?

ऑफिस महापे किंवा रबाळेला, सर्व्हर खाडीपलीकडे मुंबईत, आणि टेबलावर तीन कोटेशन. एकात ‘१+१ प्रोटेक्टेड’, दुसऱ्यात ‘रिंग’, तिसऱ्यात ‘रिस्टोरेबल’. दरांत चांगलाच फरक. टीटीसी (ठाणे-बेलापूर औद्योगिक) पट्ट्यातल्या कंपन्यांमध्ये नेटवर्कचं काम बघणाऱ्या बऱ्याच जणांना हा निर्णय घ्यावा लागतो, आणि बहुतेक चर्चा ‘लिंक तुटली तर ती ५० मिलिसेकंदांत दुसऱ्या वाटेवर वळते का?’ इथेच अडकते. माझ्या मते हा प्रश्न दुसऱ्या नंबरचा. पहिला प्रश्न हा, की दुसरी वाट जमिनीखाली खरंच वेगळी आहे का.

आधी तिन्हींमधला फरक. प्रोटेक्शनमध्ये पर्यायी वाट आधीच ठरलेली असते आणि तिच्यावरची क्षमता तुमच्यासाठी राखलेली असते. रिस्टोरेशनमध्ये बिघाड झाल्यावर उरलेल्या नेटवर्कमधून वाट शोधली जाते. राखीव क्षमता सगळ्यांची मिळून असते, म्हणून ते स्वस्त पडतं.

१+१ मध्ये सिग्नल कायम दोन्ही वाटांनी जातो आणि घेणारं टोक त्यातला चांगला उचलतं. एकेरी प्रकारात तर दोन टोकांना एकमेकांशी बोलावंही लागत नाही, म्हणून हा सगळ्यात भरवशाचा. किंमत उघड आहे : दुप्पट क्षमता कायमची अडकते. १:१ मध्ये दुसरी वाट एरवी मोकळी असते, तिच्यावर कमी महत्त्वाचा ट्रॅफिक चालवता येतो आणि वेळ आली की तो बाजूला सारतात. १:एन म्हणजे अनेक लिंकना मिळून एक राखीव. इथे नीट बघा : त्या सगळ्या लिंक आणि राखीव एकाच केबलमध्ये असतील, तर जेसीबीचा एक फटका सगळ्यांनाच बसतो. असं १:एन कार्ड किंवा पोर्ट जळाल्यावर उपयोगी, केबल तुटल्यावर नाही.

रिंग, म्हणजे सगळी ठिकाणं गोलात जोडलेली, हा मधला मार्ग. इथरनेट रिंगच्या जी.८०३२ या मानकात लूप होऊ नये (डेटा गोल गोल फिरत राहू नये) म्हणून एक लिंक मुद्दाम बंद ठेवतात. कुठे तुटलं की ती उघडते. १२०० किलोमीटरपर्यंतची फायबर आणि १६ पर्यंत नोड (रिंगवरची उपकरणं) असतील तर ५० मिलिसेकंदांच्या आत काम होणं अपेक्षित आहे. हा ५० चा आकडा एसडीएच या जुन्या ट्रान्समिशन तंत्राच्या काळापासून चालत आलेला. मात्र रिंग उलट्या बाजूने वळली की अंतर वाढतं. फायबरमध्ये प्रकाशाला किलोमीटरला साधारण ५ मायक्रोसेकंद लागतात. नेहमीची वाट ३० किलोमीटरची आणि वळसा १३० चा असेल, तर जाऊन-येऊन एक मिलिसेकंद वाढला. मेल, ईआरपी, व्हिडिओ कॉल यांना हे कळतही नाही. दोन डेटा सेंटरांमध्ये स्टोरेजचं सिंक्रोनस रेप्लिकेशन (प्रत्येक बदल दोन्हीकडे लिहिला जाईपर्यंत थांबणारं) चालू असेल तर डेटाबेसवाले फोन करतील. तेव्हा वळशाची लेटन्सी (लागणारा वेळ) कोटेशनमध्ये लिहून घ्या.

रिस्टोरेशनचा वेग कुठल्या थरावर आहे त्यावर ठरतो. ऑप्टिकल थरावर नवी वाट उभी करायची तर अ‍ॅम्प्लिफायरच्या पॉवर जुळवाव्या लागतात, त्यात काही सेकंदांपासून मिनिटांपर्यंत जातात. आयपीमध्ये नुसत्या टायमरवर सोडलं तर ओएसपीएफ हा राउटिंग प्रोटोकॉल नेहमीच्या सेटिंगला शेजारचा राउटर गेल्याचं कळायलाच ४० सेकंद घेतो, बीजीपी हा दुसरा प्रोटोकॉल अनेक राउटरांवर १८०. बीएफडी (लिंक जिवंत आहे का हे सतत तपासणारा प्रोटोकॉल) लावला की हे सेकंदाच्या आत येतं. एमपीएलएस (पॅकेटला लेबल लावून पाठवण्याची पद्धत) मधलं फास्ट रीरूट मात्र आयपीवाल्यांच्या घरातलं असलं तरी वागतं प्रोटेक्शनसारखं, कारण बायपास आधीच बांधून ठेवलेला असतो.

आता खाडी. नवी मुंबईतून मुंबईकडे जायचं तर ठाण्याची खाडी ओलांडावीच लागते आणि जागा मोजक्याच : ऐरोलीचा पूल, वाशीचे पूल, वर कळव्याकडून ठाण्यातून वळसा, खाली अटल सेतू. त्यात आपल्याकडे आयपी-१ (दूरसंचार पायाभूत सुविधा पुरवठादार) नोंदणी असलेल्या कंपन्या डार्क फायबर (उपकरणं न जोडलेली मोकळी फायबर) आणि डक्ट (केबलचे पाइप) भाड्याने देतात. म्हणजे दोन वेगळ्या प्रोव्हायडरांची दोन वेगळी बिलं भरूनही तुमचा ट्रॅफिक एकाच डक्टमधून जात असू शकतो. ऑफरमध्ये ‘ड्युअल पाथ’ लिहिलंय म्हणून समाधान मानू नका. दोन्ही रूटची केएमझेड (नकाशावरच्या रेघांची) फाइल मागा आणि गूगल अर्थवर एकावर एक टाका. तीन ठिकाणी झूम करा : खाडीवरचा पूल, ठाणे-बेलापूर रस्ता आणि रेल्वे ओलांडण्याची जागा, आणि तुमच्या बिल्डिंगआधीचे शेवटचे दोनशे मीटर. बहुतेक वेळा या शेवटच्या तुकड्यात दोन्ही रेघा एकाच चेंबरमध्ये घुसलेल्या दिसतात. तिथे पैसे घाला, दुसऱ्या बाजूच्या गेटने एन्ट्री घ्या.

वाट वेगळी म्हणजे वीजही वेगळी. १२ ऑक्टोबर २०२० ला ग्रिड बसली तेव्हा मुंबई, ठाणे, नवी मुंबई एकदमच गेली होती. दोन्ही वाटांवरच्या पीओपीला (प्रोव्हायडरच्या उपकरणांच्या केंद्राला) जनरेटर आणि डिझेल किती तासांचं आहे, हे विचारायला संकोच नको. मोबाइल डेटाचा बॅकअप ठेवत असाल तर लक्षात घ्या, टॉवरही बॅटरीवरच आलेला असतो आणि त्याची फायबर कदाचित तुमच्याच रस्त्याखालून जाते. छतावरचा ई-बँड रेडिओ (उंच फ्रिक्वेन्सीची बिनतारी लिंक) फायबरपासून खरोखर स्वतंत्र. पण ७१ ते ८६ गिगाहर्ट्‌झला जुलैतला धोधो पाऊस झेपत नाही, त्यामुळे अंतर कमीच ठेवावं लागतं.

रिस्टोरेशनची खरी ताकद दुसऱ्या बिघाडात दिसते. पावसाळ्याआधी रस्ते खोदून उरकायची घाई असते. सकाळी एक केबल तुटली, १+१ ने तुम्हाला जाणवूही दिलं नाही. पण त्या क्षणापासून तुम्ही एका पायावर उभे आहात. तुटलेल्या जागी केबलला ढील नसेल तर मध्ये नवा तुकडा घालावा लागतो. ९६ फायबरची केबल असेल तर दोन टोकांचे मिळून १९२ जोड. प्रत्येक फायबर सोलायची, पुसायची, क्लीव्ह करायची (टोक सरळ कापायचं), स्प्लायसरमध्ये ठेवून आर्क द्यायचा (विजेच्या ठिणगीने वितळवून जोडायची), स्लीव्ह तापवायची. चेंबरमधलं पाणी उपसण्यातच पहिला तास जातो. तेवढ्यात दुसरी वाट गेली तर साध्या १+१ कडे उत्तर नाही. जाळीसारख्या नेटवर्कमध्ये रिस्टोरेशन तिसरी वाट शोधतं. म्हणूनच मोठे ऑपरेटर दोन्ही एकत्र वापरतात : पहिला धक्का प्रोटेक्शनने झेलायचा, मग रिस्टोरेशनने नवी जोडी लावायची.

दोन्ही ठेवाल तेव्हा टायमर एकमेकांच्या पायात येऊ देऊ नका. खाली ऑप्टिकल ५० मिलिसेकंदांत वळणार असेल आणि वर बीएफडी १० गुणिले ३ वर (दर १० मिलिसेकंदांनी संदेश, सलग तीन चुकले की लिंक गेली) असेल, तर तो ३० मध्येच लिंक मेली म्हणून जाहीर करतो आणि राउटर विनाकारण हलतात. ५० गुणिले ३ ठेवा. परतीसाठी वेट-टू-रिस्टोरची (मुख्य वाट सुधारल्यावर परत वळण्याआधी थांबण्याची) नेहमीची ५ मिनिटं कमी करू नका. स्प्लायसिंग चालू असताना फायबर वरखाली होत असते.

मी कुणाला काय सुचवेन? वागळे इस्टेटमधल्या चाळीस माणसांच्या ऑफिसला १+१ वर खर्च करायचं कारण नाही. वेगळ्या रूटची दोन कनेक्शन आणि एसडी-वॅन राउटर (दोन्ही कनेक्शनांमध्ये ट्रॅफिक आपोआप वळवणारा) पुरे. दोन-तीन सेकंदांची खोट टीसीपी (हरवलेला डेटा पुन्हा पाठवणारा प्रोटोकॉल) सहज सांभाळतं. कॉल सेंटरला रिंग, कारण सेकंदभराचा खंड ग्राहकाला ऐकू येतो. डेटा सेंटर ते डेटा सेंटर असेल तर १+१, दोन वेगळ्या पुलांवरून, आणि मागे रिस्टोरेशन. बजेट तुटपुंजं असेल तर १+१ सोडा, पण वेगळा रूट सोडू नका : एकाच डक्टमधल्या ५० मिलिसेकंदांपेक्षा वेगळ्या पुलावरचे पाच सेकंद मी कधीही घेईन.

करारावर सही करण्याआधी रात्री चाचणी मागा. मुख्य वाटेची पॅचकॉर्ड (उपकरणाला जोडणारी छोटी फायबर केबल) प्रोव्हायडरच्या माणसासमोर काढा, पिंग चालू ठेवा, किती पॅकेट गेले ते नोंदवा. मग दुसऱ्या वाटेची काढा. शेवटी जोडीतली एकच फायबर काढून बघा, कारण पाठवणारी ठीक आणि घेणारी मेलेली अशा अर्धवट बिघाडातच बऱ्याच सेटिंग उघड्या पडतात.