घड्याळातला डेटा, एआय आणि नागपूरचा उन्हाळा: काही महिन्यांच्या वापरानंतर

थंडीत ही जुळवाजुळव केली तेव्हा तक्रारीला जागा नव्हती. मनगटावरच्या घड्याळातल्या धावण्याच्या, झोपेच्या, नाडीच्या नोंदी अँड्रॉइडच्या हेल्थ कनेक्टमध्ये (फोनमधला आरोग्याच्या नोंदींचा सामायिक साठा) जमा होतात, तिथून घरच्या सर्व्हरवर येतात आणि एआय असिस्टंट त्या एमसीपीमार्फत वाचतो. (एमसीपी म्हणजे मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल, एआयला बाहेरच्या डेटाशी जोडायची ठरलेली पद्धत, एआय कंपनी अँथ्रॉपिकनं नोव्हेंबर 2024 मध्ये खुली केलेली.) कोड एका तयार प्रकल्पातून घेतला. त्यात टूलचं, म्हणजे असिस्टंट डेटा मागायला वापरतो त्या सोयीचं, वर्णन एवढंच: 'व्यायामाचा डेटा देते.' कोणत्या एककात, कुठल्या वेळेनुसार, काही पत्ता नाही.

एप्रिल लागला आणि गंमत सुरू झाली. भारतीय वेळ यूटीसीच्या (जागतिक प्रमाणवेळेच्या) साडेपाच तास पुढे, आणि नोंदींच्या तारखा यूटीसीत होत्या, त्यामुळे पहाटे साडेपाचच्या आत सुरू केलेलं धावणं यूटीसीत आदल्या तारखेला पडतं. थंडीत आमचा ग्रुप अंबाझरी तलावावर सहाच्या आधी जमतच नाही, म्हणून कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. उन्हामुळे पाचला निघायला लागलो आणि रविवारची लाँग रन शनिवारच्या खात्यात गेली. वर असिस्टंटची शाबासकी: 'रविवारी विश्रांती घेतलीत, छान!' ग्रुपमधले काका म्हणाले, 'काहून भाऊ, फुकटात आराम मिळून राहिला नं तुले!'

मॉडेलला, म्हणजे असिस्टंटमागच्या एआयला, आतला कोड दिसत नाही. टूलचं नाव, वर्णन आणि कोणती माहिती भरून पाठवायची याचा आराखडा, एवढंच त्याच्यापुढे असतं. बाकीचं ते अंदाजानं भरून काढतं, आणि तेही असं ठासून की शंका घ्यायला सुचत नाही. मग सर्व्हरवरच तारखा भारतीय वेळेत केल्या आणि वर्णनं नव्यानं लिहायला घेतली. पावलांच्या टूलचं आता असं आहे:

'एका दिवसाची एकूण पावलं देते. तारीख भारतीय वेळेनुसार. फोन आणि घड्याळ दोन्हींच्या नोंदी जुळवून झालेल्या आहेत, पुन्हा बेरीज करू नये. उत्तर रिकामं आलं तर नोंद नाही असं समजावं, शून्य धरू नये. धावण्याचं अंतर हवं असेल तर हे टूल वापरू नये.'

यातलं प्रत्येक वाक्य कुठल्या ना कुठल्या अनुभवातून आलंय. हेल्थ कनेक्टमधून सुट्या नोंदी उचलल्या तर फोनची आणि घड्याळाची पावलं दोन्ही मोजली जातात. एकत्रित आकडा मागितला तर दुहेरी मोजणी टळते. रिकाम्या उत्तराचा किस्सा झोपेचा: घड्याळ रात्री चार्जिंगला होतं, तर स्वारीनं शून्य तास झोप धरून मला ताणतणावावर प्रवचन दिलं. फुटाळा तलावावर पाणी प्यायला थांबलो तो वेळ गतीत धरायचा की नाही, हेही लिहून टाकलं.

सगळ्यात उपयोगी ठरलं ते नाडीच्या टूलमधलं एक वाक्य. मे महिन्यात तोच वेग ठेवूनही नाडी वर जाते, कारण अंग थंड ठेवायला रक्त त्वचेकडे वळतं. असिस्टंट मात्र 'तुमचा फिटनेस घसरतोय' म्हणून बसला. आता वर्णनात आहे: 'या डेटात तापमान नाही. उन्हाळ्यात फक्त नाडीवरून फिटनेसबद्दल निष्कर्ष काढू नये.' तेव्हापासून तो आधी विचारतो, किती वाजता धावलात, ऊन किती होतं. मॉडेल बदलूनही पाहिलं होतं, पण त्यानं एवढा फरक पडला नाही.

खटकणाऱ्या गोष्टी आहेतच. वर्णनं लांबली की प्रत्येक संभाषणात तेवढे टोकन (मॉडेल मजकूर मोजतं ते तुकडे) जातात, म्हणून एकमेकांसारखी टूल्स काढून टाकली; निवडतानाचा घोळही त्यानं कमी झाला. हेल्थ कनेक्ट परवानगी दिल्याच्या आधीचे 30 दिवसच वाचू देतं, जुन्या इतिहासासाठी वेगळी परवानगी लागते, आणि तयार प्रकल्पात ती मागितलेलीच नव्हती.

कोडला हात लावायची तयारी असेल त्यानं जरूर करून पाहावं. नुसतं 'आज किती चाललो' बघायचं असेल तर घड्याळाचं स्वतःचं ॲप पुरे. छातीत दुखणं, चक्कर असले प्रश्न मी याला विचारत नाही; ते टूलच्या वर्णनातही लिहून ठेवलंय, आणि तिथं तो सरळ डॉक्टरकडे जा म्हणतो.